बॅलन्स रॉड आणि धोंड्याचं जेवण

आधीच सांगून ठेवतो, गाडी विकायची न्हाई. हे वाचून कोणाच्या मनात गिऱ्हाईक आणायचं आलं असंल तर त्यानं खुशाल चहाला यावं, पण गाडीभोवती चकरा मारू नये. मागच्या महिन्यापासून जो तो येतो, टायरला लाथ घालतो आणि "कितीला द्यायची, कल्याणराव?" असं विचारून राह्यलाय. टायरला लाथ घातल्यावर गाडीचं काय कळतं, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं न्हाई. मी नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीत आहे. बियाणं उगवतं का न्हाई ते तपासायचं माझं काम. उद्या मी पोत्याला लाथ घालून "हे उगवंल" असं सांगायला लागलो तर कंपनी मला त्याच लाथेनं घरी बसवंल.

गाडी लाल आहे. वीस वर्षांची आहे. कंपनीचं नाव घेत न्हाई, कारण ती कंपनी कधीच देश सोडून गेली आणि गेलेल्याचं नाव कशाला काढायचं. पण हिच्या तरुणपणी हिचं इंजिन ऐकायला लोक चहा सोडून टपरीबाहेर यायचे, आणि अजूनही अंबड रोडला पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. दोष म्हणाल तर एकच. वळणावर झुकते. उजवीकडं वळवली की सगळं धूड डाव्या अंगावर रेलतं, मंग जरा दम खाऊन सरळ होतं. मला त्याचं काही वाटत न्हाई. वाटतं ते माझ्या बायकोला, मीनाला.

मीनाला गाडी लागते. आता गंमत बघा. तिला एस्टी लागत न्हाई. घनसावंगीच्या जीपमध्ये मागच्या फळीवर, कोणाचं तरी लेकरू मांडीवर आणि कोणाची तरी कोंबडी पायाशी घेऊन बसली तरी लागत न्हाई. लागते ती फक्त माझीच गाडी. कन्हैयानगरपर्यंत गप्प असते, मंग खिडकीची काच खाली करते, मंग पदर तोंडाला लावते, आणि पदर लागला की मी गाडी बाजूला घेतो. इतकी वर्षं हे चाललंय. मी कधी तक्रार केली न्हाई. तिनं केली.

यंदा अधिक महिना आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्यात जावयाला सासरी बोलावून पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालतात, तेहतीस धोंड्यांचं वाण देतात, वर दिवा लावून ओवाळतात. एक महिना जावई म्हणजे साक्षात देव. बाकीच्या काळात तो काय असतो, हे माझा मेव्हणा साहेबराव याला विचारा.

त्या साहेबरावाचाच फोन आला. साहेबराव घनसावंगीला असतो, त्याच्याकडं पांढरी, उंच, दारात उभी केली तर शेजाऱ्याच्या अंगणात सावली पडंल अशी गाडी आहे. फोन स्पीकरवर होता.

"दाजी, पंधरा दिवसांनी रविवारी धोंड्याला यायचं बरं का. पण अक्काला त्या पाळण्यात बसवून आणू नका. मी गाडी पाठवतो. अन् हे बघा, आपला अंगद हाय ना, जुन्या गाड्या घेतो तो, त्यालाबी जेवायला सांगितलंय. तुम्ही धोंडे खा, अंगदला चावी द्या, अन् माझ्या गाडीत बसून जालन्याला जा. मिटला विषय."

एका फोनमध्ये एवढे अपमान बसवायला अक्कल लागते, साहेबरावाला ती आहे हे मी मान्य करतो. मी म्हणालो, "मी माझ्याच गाडीत येणार आणि माझ्याच गाडीत जाणार. आणि तुझ्या अक्काला काहीसुद्धा होणार न्हाई."

भाकरी थापता थापता मीना थांबली. "लिहून ठेवू का हे?"

"ठेव."

"ठेवत न्हाई. नुसतं ऐका. मी येते तुमच्या गाडीत. घनसावंगीपर्यंत मला मळमळलं न्हाई तर गाडी विकायचा विषय मी जन्मात काढणार न्हाई, अन् साहेबरावालाबी काढू देणार न्हाई. पण मळमळलं, तर तिथंच, दारातच, अंगदच्या हातात चावी द्यायची. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. "कबूल," फोनमधून साहेबरावही म्हणाला, त्याला कोणी विचारलं नव्हतं.

आता वळणावर गाडी झुकू नये यासाठी काय करतात, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. दोन दिवसांत माझ्याइतकं जालन्यात कोणाला माहीत नव्हतं. गाडीच्या पोटाखाली, दोन चाकांच्या मधे, एक आडवा रॉड असतो, दोन्ही टोकांना वाकवलेला. गाडी एका अंगाला झुकायला लागली की हा रॉड पिळतो आणि पिळता पिळता गाडीला सरळ खेचतो. इंटरनेटवाले त्याला स्वे बार म्हणतात, कंपनीवाले स्टॅबिलायझर म्हणतात आणि आमचे मेकॅनिक ख्वाजामियाँ त्याला बॅलन्स रॉड म्हणतात. मी ख्वाजामियाँचं ऐकतो, कारण इंटरनेटवाले माझी गाडी उधारीवर दुरुस्त करत न्हाईत.

रॉड घ्यायचा ठरलं तरी कोणता, हा प्रश्न होताच. पुढच्या चाकांचा जाड करायचा का मागच्या? मागचा जाड केला तर गाडी वळणावर चटकन नाक वळवते, पण फारच जाड केला तर तिचा पार्श्वभाग रस्ता सोडून शेतात जातो. पुढचा जाड केला तर ती वळायलाच नको म्हणते. पोकळ घ्यायचा का भरीव? टोकाला बोल्टसाठी एकच भोक का जास्त? गाडीवेड्यांच्या एका ग्रुपवर मी हा प्रश्न टाकला, तर एकानं लिहिलं, आधी तुमचा मार्ग कसा आहे ते सांगा. मी लिहिलं, जालना, अंबड, घनसावंगी. मंग कोणी उत्तरच दिलं न्हाई.

शेवटी मागचा, मध्यम जाडीचा, भरीव, टोकाला दोन भोकांचा रॉड मी कोइमतूरहून मागवला. निर्णय पूर्णपणे माझा होता. सल्ले मात्र सगळ्या गल्लीचे होते. समोरचे राधेश्यामजी, मोंढ्याच्या बाजारात ज्यांचं जनावरांच्या ढेपेचं दुकान आहे, ते म्हणाले, "गाडी हलकी हाय म्हणून डोलते. डिकीत सरकीच्या ढेपेचे दोन कट्टे टाका, बघा कशी मुकाट चालते." नको म्हणायच्या आत त्यांनी कट्टे टाकलेसुद्धा. गाडी मुकाट चालली का न्हाई ते कळायच्या आधी तिच्यात असा वास बसला की उभ्या गाडीतच मीनाचा पदर तोंडाला गेला, आणि कट्टे परत गेले. ख्वाजामियाँ म्हणाले, "कल्यानभाई, रॉड-बीड कायकू? पिछे जीप के स्प्रिंग डाल देता. फिर डोलने का सवालच नहीं." जीपचे स्प्रिंग टाकल्यावर डोलायचं तर सोडाच, बसायचाही सवाल राहिला नसता, कारण डोकं छताला लागलं असतं.

पण सगळ्यात जास्त दुखावले गेले ते शेजारचे सोमेश्वरराव. ते इथल्या सळईच्या एका रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर आहेत. त्यांना रॉडचं कळलं आणि त्यांनी सकाळचा माझ्याकडचा चहा बंद केला. तिसऱ्या दिवशी कुंपणापाशी येऊन म्हणाले, "कल्याणराव, तुम्ही राहता कुठं?"

"जालन्यात."

"जालन्यात. निम्म्या महाराष्ट्राचे स्लॅब जालन्याच्या सळईवर उभे हायत. अन् तुम्ही हातभर लोखंड तामिळनाडूतून मागवलं. मिलमध्ये मी कोणत्या तोंडानं सांगू, हा माणूस माझा शेजारी हाय म्हणून?"

मी म्हणालो, "ते लोखंड वेगळं असतं."

ते म्हणाले, "लोखंड लोखंड असतं," आणि आत गेले.

इकडं ख्वाजामियाँनी उत्साहाच्या भरात जुना रॉड आधीच काढायला घेतला. बोल्ट गंजून गेल्ता, निघंना, तेव्हा त्यांनी रॉडच मधोमध कापून दोन तुकडे माझ्या हातात दिले. "नया आताच है," ते म्हणाले. नवा खरंच आल्ता. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून मी तो उचलला. काळा कुळकुळीत, दोन्हीकडून देखणा वाकवलेला. मागच्या सीटवर आडवा ठेवून निघालो, आणि चौकात पोलिसांनी हात केला. बाजारात कुठंतरी मारामारी झाल्ती, तिच्यात रॉड वापरले गेल्ते, म्हणून नाकाबंदी.

"हे काय हाय?"

"बॅलन्स रॉड."

"कशाचा?"

"गाडीचा. गाडीच्या खाली असतो."

"खाली असतो तर वर का ठेवला?"

या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते उन्हात देता येत न्हाई. मी पिळण्याचं तत्त्व समजावून सांगायला सुरुवात केली. हवालदारानं रॉड हातात घेऊन वाकडं टोक पकडून पाहिलं आणि "धरायला तर बराबर हाय," असं म्हणून तो जमा केला. चौकीतले साहेब बंदोबस्तावर होते. साहेब आले की सोडवून न्या, म्हणाले. शुक्रवारी गेलो, साहेब आल्ते पण मुद्देमालाच्या खोलीची चावी ज्याच्याकडं तो रजेवर होता. मी म्हणालो, "अहो, मी इतक्या वर्षांत कोणाला साधी चापट मारलेली न्हाई." जमादार म्हणाला, "मंग रॉडची एवढी घाई का हाय?"

म्हणजे जुना रॉड कापलेला, नवा कोठडीत, आणि धोंडा रविवारी. साहेबरावाला फोन करून गाडी पाठव म्हणायचं फक्त बाकी होतं. मी त्यापेक्षा घनसावंगीपर्यंत गाडी ढकलत नेली असती.

शनिवारी सकाळी सोमेश्वरराव चहाला आले. त्यांना सगळं कळलेलं होतं. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चला." दुपारी ख्वाजामियाँच्या गॅरेजमध्ये मिलमधून आणलेली गोल, गुळगुळीत, कोऱ्या लोखंडाची सळई भट्टीत लाल होत होती. जुन्या रॉडचे दोन तुकडे जमिनीवर जोडून ठेवलेले, आणि त्यांच्या बरहुकूम ख्वाजामियाँ घण घालून राह्यले. सोमेश्वरराव शेजारी उभे राहून, कन्यादानाला बसल्यासारखे, भरल्या डोळ्यांनी बघत होते. संध्याकाळी सळई गाडीखाली बसली. मी गाडी काढली, मोठ्या चौकाला एक वळसा घातला. गाडी झुकली न्हाई. बिलकुल न्हाई. सोमेश्वररावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कोइमतूर," ते म्हणाले, आणि पुढं काही बोलायची गरजच नव्हती.

आता एक गोष्ट सांगतो, जी आम्हा तिघांपैकी एकालाही त्या दिवशी सुचली न्हाई, कारण तिघंही जालन्याचे. सळईचा गुण असा, की वाकवली की वाकलेली राहते. म्हणून तर तिच्यावर घरं उभी राहतात. बॅलन्स रॉडला मात्र पिळल्यावर परत जागेवर यावं लागतं. बास, एवढंच.

रविवारी निघालो. मीना शेजारी बसली, एका मुठीत लिंबू, दुसऱ्या मुठीत ओवा, नजर समोर. अंबडपर्यंत एकेक वळण आलं आणि गेलं. मी मुद्दाम वेग कमी केला न्हाई. अंबडच्या बाहेर तिनं लिंबू पर्समध्ये टाकलं. "आज बरी चाललीय," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं माझ्या गाडीबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द. मला एकदम तरुण झाल्यासारखं वाटलं आणि मी पाय दाबला.

घनसावंगीच्या अलीकडं वळणावर पाण्याचा टँकर रस्त्याच्या मधोमध उभा. ड्रायव्हर खाली उतरून कोणाशी तरी गप्पा मारून राह्यला. मी स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं ते पार फिरवलं. गाडी वाचली, टँकर वाचला, ड्रायव्हरच्या गप्पाही तुटल्या न्हाईत. फक्त गाडीच्या पोटाखालून कण्हल्यासारखा एक आवाज आला आणि मीनाची बाजू खाली बसली. बसली ती बसलीच. रस्ता सरळ झाला, गाडी झाली न्हाई.

"ही सरळ का होईना?" मीना म्हणाली.

"होईल."

झाली न्हाई. तशीच, डाव्या अंगावर कलंडलेली, उसाच्या फडांमधून निघाली. मीना तिरकी, मी तिरका, समोरचं सगळं घनसावंगी तिरकं. मंग काच खाली गेली. मंग पदर. मी गाडी बाजूला घेतली. ती उतरली, बाभळीला हात लावून उभी राहिली, आणि जे व्हायचं ते झालं. मी पाण्याची बाटली घेऊन गेलो. तिनं चूळ भरली, तोंड धुतलं, कुंकू सारखं केलं. मी म्हणालो, "झालं. हरलो मी." तिनं बाटलीचं झाकण लावलं. गाडीत बसल्यावर मी चावीच्या जुडग्यातून घराची चावी काढून घेतली आणि गाडीची वेगळी शर्टाच्या खिशात ठेवली, म्हणजे दारात वेळ लागायला नको. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यात पाणी आलं. मी ते उन्हावर ढकललं.

दारात सगळे उभेच होते. साहेबराव, त्याच्या शेजारी टायरला लाथ घालायला पाय मोकळा करून उभा असलेला अंगद, आणि ओवाळणीचं ताट घेतलेल्या माझ्या सासूबाई झुंबरबाई. गाडी थांबली. मंग साहेबराव वाकून, मान तिरकी करून गाडीकडं बघायला लागला.

"दाजी, हिला लकवा कधी मारला?"

लोक हसले. अंगद म्हणाला, "साहेबराव, हिला काही मी रस्त्यावर चालवणार न्हाई. भंगारात घेतो."

"घे की," साहेबराव म्हणाला. "दाजी, अवंदा वाणात दिव्याच्या जागी एक टेकू देतो तुम्हाला. एका बाजूनं गाडीला लावा, दुसऱ्या बाजूनं तुम्हीच टेका. दोघं सारखेच दिसून राह्यले." पुन्हा लोक हसले. शेजारच्या अंगणातले सुद्धा हसले, त्यांना काय झालं हे ठाऊक नसताना. मंग तो बहिणीकडं वळला. "बोल अक्का, मळमळलं का न्हाई? शर्त हाय."

मी खिशातून चावी काढली. हात पुढं केला.

"न्हाई," मीना म्हणाली.

"काय न्हाई?"

"मळमळलं न्हाई. मस्त आले. अंबडला तर डोळा लागला माझा."

"अक्का, तोंड उतरलंय तुझं."

"ऊन हाय. आत घेतो का न्हाई, का दारातच धोंडा करतो दाजींचा?"

माझा हात तसाच हवेत राहिला. मीनानं त्यातली चावी घेतली आणि आपल्या पर्समध्ये, लिंबाशेजारी टाकली.

सासूबाईंनी मला ओवाळलं, लेकीकडं एकदा निरखून पाहिलं आणि ताट आत नेलं. शेवटी ती बाई आई आहे. पंगतीला त्यांनी जावयाच्या आधी लेकीच्या ताटात धोंडे वाढले, चार, आणि वर तुपाची अख्खी वाटी उपडी केली. "मळमळत न्हाई ना? मंग जेव बाई पोटभर."

साहेबराव समोर बसून बघत होता. मीनानं पहिला धोंडा मोडला. त्यातून तूप गळत होतं. तिनं तो खाल्ला. दुसरा खाल्ला. तिचा रंग ढेपेसारखा झाल्ता, पण ती माझ्याकडं बघत होती आणि चावत होती. तिसऱ्याला मी हळूच म्हणालो, "राहू दे." ती मोठ्यानं म्हणाली, "का राहू दे? आई, अजून एक वाढ." मला लाज वाटली, आणि त्याच्याच पाठोपाठ इतका आनंद झाला की मी साहेबरावाला विनाकारण "झकास झालेत धोंडे" असं दोनदा सांगितलं. साहेबरावानं अंगदला ताक वाढलं आणि त्या दिवशी गाडीचा विषय परत निघाला न्हाई.

निघताना साहेबरावानं आपली पांढरी गाडी दारात लावलीच होती. मीना तिच्यासमोरून चालत आली, वाणाचा डबा मांडीवर घेतला आणि माझ्या वाकड्या गाडीत, खाली बसलेल्या बाजूला, ताठ बसली. सगळे दिसेनासे होईपर्यंत तिनं हसून हात हलवला. मी गाडी इतकी सावकाश घेतली की मागून आलेला बैलगाडीवाला हॉर्न नसल्यामुळं नुसता खोकला.

गावाबाहेरच्या वळणावर मीना म्हणाली, "थांबवा."

थांबवली. ती तीच सकाळची बाभळ होती. चारही धोंडे, वर वाढलेला पाचवा, आणि ती तुपाची वाटी. मी एका हातानं तिची पाठ धरली, दुसऱ्या हातात बाटली. बऱ्याच वेळानं ती सरळ झाली. तोंड पुसलं, गाडीकडं बघितलं, मंग माझ्याकडं.

"तुमचा तो खरा रॉड चौकीतच हाय ना अजून?"

"हाय."

"उद्या मी येते तुमच्यासंगं," ती म्हणाली. "बघते कसा देत न्हाईत ते."